पडद्यावरची भक्ती आणि पाळकांची तब्येत

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत चर्चची दारं बंद झाली आणि उपदेश, चित्रीकरण, रात्रीअपरात्री येणारे फोन, सगळं एकट्या पाळकावर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूवर, येऊन पडलं. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला. इतके महिने असं रेटता येत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पंचकमिटीनं, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीनं, पहिल्याच बैठकीत कामं वाटून घ्यावीत: कॅमेरा तरुण संघाकडे, शोकात असलेल्या घरांचे फोन पाळक आणि दोन वडीलधाऱ्यांकडे आळीपाळीनं.

रविवारची भक्ती, म्हणजे चर्चची उपासना, बुधवारी सकाळी, रहदारी वाढण्याआधी रेकॉर्ड करा. गुरुवार नको, पुण्यात वीज-पाण्याच्या दुरुस्त्या बहुधा त्याच दिवशी निघतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. खिडकी समोर हवी, पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर, पंखा बंद. रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमतो, त्यापेक्षा पडदे-गाद्यांची घरातली खोली बरी. उपदेश पंधरा मिनिटांत संपवा. ७२० पिक्सेल पुरे, नाहीतर मोबाईल डेटावर व्हिडिओ अडकतो.

झूमवर सगळ्यांनी मिळून गीत गाऊ नये. प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोचतो आणि ताल मोडतो. एकानं गावं, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून घरी म्हणावं. मोफत खात्यावरची बैठक ४० मिनिटांत तुटते, म्हणून आशीर्वचन ३५व्या मिनिटाला. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या आजी-आजोबांना चार-चार जणांच्या कॉन्फरन्स कॉलवर घ्या: एक शास्त्रपाठ, एक प्रार्थना. त्यांना सहसा तेच जास्त भावतं.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, ऑनलाइन द्यायचं की नाही, हा निर्णय आपल्या धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या वरच्या संस्थेचा. त्याचा भार पाळकावर टाकू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. सोमवार पूर्ण सुट्टी, फोन दुसऱ्याकडे. दफनविधी झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी एकही बैठक नको. चार माणसांत, घाईघाईनं दिलेला निरोप मनात साचून राहतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या चर्चच्या पाळकांशी उपदेशाच्या व्हिडिओची अदलाबदल करा, म्हणजे एक आठवडा खरोखर मोकळा मिळतो. दोन आठवडे झोप लागत नसेल, घरच्यांवर चिडचिड होत असेल, शास्त्र फक्त उपदेशापुरतं उघडलं जात असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि हा फोन लावायला पाळकाला पंचकमिटीची परवानगी लागत नाही.