अनुदानाचा अर्ज कुठे अडतो? मराठवाड्यातील गायक, शाहीर आणि लोककलावंतांनी या चुका टाळाव्यात

तुळजापूरचे आराधी आणि गोंधळी, जयंतीच्या महिन्यात रात्ररात्र उभे राहणारे आंबेडकरी जलसे, पैठण परिसरातील भारूड मंडळे, खुलताबादच्या उरुसात गाणारे कव्वाल, माळेगावच्या यात्रेत हजेरी लावणारे कलावंत अशी मराठवाड्याची कलापरंपरा भरगच्च आहे. तरीही मानधन, शिष्यवृत्ती आणि अनुदान यांसाठी इथून जाणारे अनेक अर्ज पहिल्या छाननीतच बाद होतात. छाननी करणाऱ्याने अर्जदाराचे गाणे ऐकलेले नसते, त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि हे कागद बहुतेकांनी अर्जाच्या आठवड्यात घाईने जमवलेले असतात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून निघतात.

योजना कोणती, हे न पाहता अर्ज करणे

‘कलावंतांसाठी सरकारची योजना आली आहे’ असा निरोप मोबाइलवर आला की वीस वर्षांचा तबलजी आणि सत्तर वर्षांचा गोंधळी एकाच अर्जाच्या मागे लागतात. वस्तुतः या योजनांचे हेतू पूर्णपणे निरनिराळे आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना ही आयुष्य कलेत घालवलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी आहे. तीत दरमहा 5,000 रुपये मानधन मिळते, वयाची अट 50 वर्षांची आणि दिव्यांगांसाठी 40 वर्षांची आहे, कलाक्षेत्रातील योगदान किमान 15 वर्षांचे दाखवावे लागते आणि वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत असावे लागते. दुसऱ्या एखाद्या नियमित मासिक निवृत्तिवेतन योजनेचा लाभ घेणारा कलावंत येथे अपात्र ठरतो. ही अट पुष्कळांना अर्ज भरून झाल्यावर कळते. एका जिल्ह्यातून एका वर्षी शंभर कलावंत निवडले जात असल्यामुळे अपुरा अर्ज दुरुस्त करून घेण्याइतकी उसंत कोणाला नसते.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 या वयोगटासाठी असून ती दोन वर्षे दरमहा 5,000 रुपये देते, आणि तिच्यासाठी गुरूकडे झालेले आधीचे शिक्षण दाखवावे लागते. त्याच मंत्रालयाच्या अधिछात्रवृत्त्यांमध्ये (फेलोशिप) कनिष्ठ गटाला 10,000 आणि वरिष्ठ गटाला 20,000 रुपये दरमहा मिळतात, मात्र त्या संशोधन प्रकल्पासाठी आहेत. ‘मी तीस वर्षे गात आहे’ हे वाक्य मानधनाच्या अर्जात मोलाचे असले, तरी अधिछात्रवृत्तीच्या अर्जात त्याने काहीच साधत नाही, कारण तिथे पुढील दोन वर्षांत काय शोधणार, हे विचारलेले असते. गुरू-शिष्य परंपरेच्या अनुदानात गुरूला दरमहा 15,000 रुपये आणि शिष्यांना वयानुसार रक्कम मिळते. शिष्यांची कमाल संख्या अठरा असल्यामुळे यादी ओढूनताणून अठरापर्यंत नेण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी त्यांतले निम्मे गावात सापडले नाहीत, तर खऱ्या शिष्यांचेही नुकसान होते. नऊ शिष्य असतील तर नऊच लिहावेत.

पुरावा कार्यक्रमाच्या दिवशी जमा होतो, अर्जाच्या दिवशी नाही

पंधरा वर्षांच्या योगदानाचा पुरावा म्हणून अनेक जण सरपंचाचे एक पत्र जोडतात, ज्यात ‘सदर इसम हे कलाकार असून त्यांना आम्ही ओळखतो’ एवढेच लिहिलेले असते. असे पत्र नसण्यापेक्षा बरे, पण त्यातून कोणता कार्यक्रम, कोणत्या वर्षी, कोणत्या भूमिकेत, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी ‘14 एप्रिल रोजी आमच्या गावातील जयंती कार्यक्रमात यांनी मुख्य शाहीर म्हणून जलसा सादर केला’ असे एका ओळीचे, तारखेसह आणि शिक्क्यासह पत्र त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षाकडून लिहून घेतले, तर दहा वर्षांनीही ते उपयोगी पडते. कार्यक्रमाची पत्रिका, तालुका दैनिकातील कात्रण (वृत्तपत्राचे नाव आणि तारीख दिसेल अशा रीतीने कापलेले), बॅनरसह घेतलेले छायाचित्र, आकाशवाणीवर गायन झाले असेल तर कराराचा कागद, हे सर्व एका फाइलमध्ये वर्षानुसार लावावे. छायाचित्रात फक्त चेहरा असेल आणि बॅनरवरील गाव व तारीख कापली गेली असेल, तर तो फोटो घरच्या भिंतीवर लावण्यापुरताच आहे.

यात एक अडचण खास आपल्याकडची आहे. पत्रिकेवर नाव ‘शाहीर’, ‘भारूडसम्राट’ किंवा टोपणनावासह छापलेले असते, आधार कार्डावर वडिलांनी शाळेत घातलेले नाव असते आणि बँकेच्या पासबुकावर तिसरेच. विवाहित स्त्री कलावंतांच्या बाबतीत तर माहेरच्या नावाने छापलेल्या वीस वर्षांच्या पत्रिका सासरच्या नावाच्या अर्जाला जोडलेल्या आढळतात. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून ते अर्जाला सुरुवातीलाच जोडावे. आधार, पॅन आणि पासबुक यांवरील स्पेलिंगमधील फरक मात्र प्रतिज्ञापत्राने भागत नाही, तो दुरुस्तच करून घ्यावा लागतो, कारण मंजूर झालेली रक्कमसुद्धा याच कारणाने खात्यात जमा न होता परत जाऊ शकते.

बीड, धाराशिव, जालना या भागांतील अनेक कलावंत दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य होतो, पडताळणीचा फोन लागत नाही, आणि ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो मोबाइल घरी म्हाताऱ्यांकडे राहिलेला असतो. निघण्यापूर्वी दाखला ताजा करून घेणे आणि अर्जात स्वतःजवळ राहणाराच क्रमांक देणे एवढ्याने बरेच काही वाचते. सेतू केंद्रातील ओळखीच्या मुलाचा क्रमांक आणि ईमेल अर्जात टाकण्याची पद्धत तर तत्काळ थांबवावी. त्रुटीचे पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

संस्थेचे कागद

मंडळाच्या किंवा प्रतिष्ठानच्या नावाने अनुदान मागताना सर्वांत जास्त अर्ज धर्मादाय कार्यालयातील नोंदीपाशी अडतात. विश्वस्त बदलले, एखाद्याचे निधन झाले, नवे अध्यक्ष निवडले गेले, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार 90 दिवसांत दाखल करावयाचा बदल अर्ज कोणी दिलाच नाही, ही स्थिती इतकी सार्वत्रिक आहे की तिला अपवाद म्हणता येत नाही. परिणामी परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील नोंदीच्या उताऱ्यावर, दिवंगत अध्यक्षांचे नाव राहते आणि अर्जावर नव्या अध्यक्षांची सही येते. केंद्राच्या अनुदानासाठी लागणाऱ्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरील नोंदणीतही तीच जुनी नावे असतील, तर अर्ज पुढे सरकत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून मदत हवी असल्यास प्राप्तिकर सवलतीच्या 12ए व 80जी नोंदणीबरोबर सीएसआर-1 हा, असा निधी घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा अर्जही भरलेला असावा लागतो. पारंपरिक कलांचे संवर्धन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा निधी ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांच्या यादीत, असल्यामुळे या मार्गाचा विचार अवश्य करावा. परदेशी संस्थेचे अनुदान घ्यायचे तर संस्थेला परकीय अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते खात्यात घेताच येत नाही, आणि ‘आधी पैसे येऊ द्या, मग बघू’ हा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये.

समाजासाठी काम करणाऱ्या कलावंतांचा प्रस्ताव

सामाजिक प्रश्नांवर काम करणारे शाहीर, पथनाट्यवाले आणि गायक यांच्या प्रस्तावांत कळकळ असते, परंतु ते वाचताना कार्यक्रम एखाद्या शासकीय विभागाचा आहे असे वाटते. उदाहरणार्थ, ‘ऊसतोड महिलांच्या समस्यांबाबत दहा गावांत कलापथकाद्वारे जनजागृती करणे’ या उद्दिष्टात कला कुठे आहे, हे निवड समितीने कसे ओळखावे? हेच काम असे मांडता येते: ‘सहा महिने कोपीत राहणाऱ्या स्त्रिया पहाटे फडाकडे जाताना जी गाणी म्हणतात, त्यांत उचल, मुकादम आणि गावी ठेवलेली मुले कोणत्या शब्दांत येतात, ते त्यांच्याकडून ऐकून घेऊन त्यांच्याच सोबत नवा जलसा रचणे, आणि तो प्रथम त्यांच्या वस्तीवर, त्यांच्या दुरुस्त्यांसाठी सादर करणे.’ दुसऱ्या मांडणीत कोण, कुठे, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या संमतीने, हे सर्व आले आहे. प्रभाव किती हजार लोकांवर पडणार, असा आकडा ठोकून देण्याची गरजही त्यामुळे उरत नाही.

भाषेची धास्ती हीदेखील एक चूकच आहे. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारखी, 1993 साली स्थापन झालेली संस्था भारतीय भाषांतील प्रस्ताव स्वीकारते. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी टक्केवारीवर प्रस्ताव लिहून देणाऱ्यांकडून गुळगुळीत इंग्रजी मजकूर करून घेतला जातो. हा मजकूर स्वतः कलावंतालाच वाचता येत नाही, आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते. आपल्या कामाचे वर्णन आपल्या मराठीत जितके नेमके उतरेल, तितके दुसऱ्याच्या इंग्रजीत उतरणार नाही. जिथे इंग्रजीची अटच आहे तिथे आधी मराठीत पूर्ण लिहून मग भाषांतर करून घ्यावे.

प्रस्तावात ज्यांची गाणी, ओव्या किंवा आठवणी वापरल्या जाणार आहेत त्यांचा मोबदला आणि श्रेय यांचा उल्लेख नसणे, हे समितीच्या नजरेत तर भरतेच. शिवाय ते अन्यायाचेही आहे. करारावर सही करण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचे आणि नव्या रचनांचे हक्क कोणाकडे राहणार, हे कलम शांतपणे वाचावे.

अंदाजपत्रक आणि हिशेब

अंदाजपत्रकात दोन टोके दिसतात. एक तर ‘सादरीकरण खर्च : 1,50,000’ अशी एकच ओळ असते, किंवा सेवाभाव दाखवण्यासाठी स्वतःचे मानधन शून्य लिहिलेले असते. शून्य मानधन पाहून समिती प्रसन्न होत नाही, ती खर्चाच्या वास्तवतेबद्दल साशंक होते. सहा जणांचा संच दहा प्रयोग करणार असेल आणि प्रत्येकी एका प्रयोगाचे 500 रुपये धरले, तर ते 30,000 होतात. टेम्पोचे भाडे प्रयोगामागे 2,500 धरल्यास आणखी 25,000, त्यावर ध्वनियंत्रणा, ढोलकीची पाने, तालमीच्या दिवसांचे जेवण. असे दर आणि संख्या वेगवेगळ्या लिहिल्या, की कपात करायची वेळ आली तरी समितीला कुठे करायची ते कळते आणि सरसकट कुऱ्हाड पडत नाही. अनेक अनुदानांचा शेवटचा हप्ता काम संपून हिशेब दिल्यावर मिळतो. म्हणून मधल्या काळात संचातील माणसांचे पैसे कुठून द्यायचे, हे आधी ठरवावे. नाहीतर व्याजाने पैसे काढावे लागतात आणि अनुदान व्याजातच जाते.

हिशेबात सर्वांत जास्त अडचण टेम्पोवाला, मंडपवाला आणि जेवण करणाऱ्या बाई यांच्याकडून पावती मिळत नाही, ही असते. अशा वेळी स्वतःचे व्हाउचर छापून त्यावर नाव, कामाचे स्वरूप, तारीख, रक्कम आणि सही घ्यावी, 5,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे, आणि शक्य तिथे रक्कम बँकेतूनच द्यावी. अनुदानासाठी वेगळे खाते ठेवले की उपयोगिता प्रमाणपत्राच्या (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याच्या) वेळी सनदी लेखापालासमोर घरखर्चाच्या नोंदी उकलत बसावे लागत नाही. हे प्रमाणपत्र न दिलेल्या संस्थेचा पुढील अर्ज सहसा विचारात घेतला जात नाही.

अर्ज नामंजूर झाला तर

नामंजुरीनंतर गप्प बसणे किंवा ‘ओळख नव्हती म्हणून गेले’ असे म्हणून मोकळे होणे, ही दोन्ही टोके टाळावीत. शासकीय योजनेत माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून (दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही) आपल्या अर्जावरील छाननीचे शेरे, निवडीचे निकष आणि बैठकीचे इतिवृत्त मागता येते, आणि उत्तर साधारणपणे 30 दिवसांत द्यावे लागते. ‘माझा अर्ज का फेटाळला?’ असा प्रश्न विचारण्याऐवजी या कागदांच्या प्रती मागाव्यात, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. खासगी संस्थांना मात्र नम्रपणे अभिप्राय विचारावा. सर्वच उत्तर देत नाहीत, पण काही देतात, आणि तोच प्रस्ताव पुढील वर्षी सुधारून स्वीकारला जाऊ शकतो.

मानधन मंजूर झालेल्या ज्येष्ठांच्या घरच्यांनी हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत जातो ना, हे पाहावे. तो न गेल्यास मानधन थांबते. तसेच कलावंताच्या निधनानंतर हयात पती किंवा पत्नीला हे मानधन पुढे मिळू शकते, त्यासाठी विवाहाचा पुरावा आणि दोघांच्या नावांतील मेळ आताच तपासून ठेवावा. अनेक घरांत हा अर्ज केलाच जात नाही, कारण अशी तरतूद आहे हेच ठाऊक नसते.