पाणी जाणार कुठे?

नोकरीतलं माझं पहिलं मोठं काम म्हणजे नवी मुंबईकडच्या एका खाडीकाठच्या जागेवरचा भराव. खाली १० मीटर काळी सागरी चिकणमाती, वर ३ मीटर मुरूम टाकायचा. मातीचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर नुकतंच शिकलो होतो, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी हवा डोक्यात होती.

भरावाच्या भाराखाली चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खचते. ही सेटलमेंट किती होणार, हे कागदावर अर्ध्या तासात निघतं. लिक्विड लिमिट (ज्या पाण्याच्या प्रमाणाला माती पातळ होऊन वाहू लागते ते) ११० टक्के होती. त्यातून १० वजा करून ०.००९ ने गुणलं की कम्प्रेशन इंडेक्स, म्हणजे माती किती दबते त्याचा आकडा, येतो ०.९. व्हॉइड रेशो, म्हणजे पोकळी आणि घन कण यांच्या आकारमानाचं गुणोत्तर, २ धरला. थराच्या मध्यावर मातीचा स्वतःचा इफेक्टिव्ह स्ट्रेस (पाण्याचा दाब वगळून कणांवर येणारा दाब) २५ किलोपास्कल, भरावाचा भार ५४. सूत्रात घातलं की उत्तर दीड मीटर. (भराव खचून त्याचा तळ भूजलाखाली गेला की वजन थोडं हलकं होतं, उलट लेव्हल राखायला वरून आणखी मुरूम टाकावा लागतो. ठेकेदाराचं बिल याच मुरमावर अडतं.) हा नुसता अंदाज झाला. खरा इंडेक्स ओडोमीटर चाचणीतूनच घ्यायचा; तिच्यात नमुना भाराखाली किती आणि किती वेळात दबतो ते मोजतात.

ती चाचणी एकदा तरी शेजारी बसून बघाच. आमच्या लॅबमधले काका ६० मिलिमीटर व्यासाच्या, २० मिलिमीटर उंचीच्या रिंगमध्ये नमुना तारेनं कापून बसवायचे. मातीला खाडीचा वास यायचा. मध्येच शिंपल्याचा तुकडा तारेला अडला की काका तो नमुना बाजूला ठेवायचे. मला ती नासाडी वाटायची. पण शिंपला उपटला की तिथे खड्डा पडतो, आणि पहिल्याच भाराला डायल गेज मातीऐवजी तो खड्डा मोजतं.

आमच्या नमुन्यात ९० टक्के कन्सॉलिडेशनला (पाणी निघून माती दबण्याला) साधारण ४५ मिनिटं लागली. साइटवर किती लागतील? मृदायांत्रिकीचे जनक टर्झाघी इस्तंबूलला शिकवत असताना, १९२३ साली त्यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार वेळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गानं वाढतो. रिंगमध्ये पाणी वरखाली दोन्हीकडे निघतं, म्हणजे वाट १० मिलिमीटर. साइटवर दोन्हीकडे वाट असेल तर ५ मीटर. पाचशे पट लांबी, अडीच लाख पट वेळ. ४५ मिनिटांची झाली २१ वर्षं.

आणि इथेच मी माती खाल्ली. मॉडेलमध्ये थराच्या तळाला ‘ओपन’, म्हणजे तिथून पाणी बाहेर जातं, असा पर्याय होता. बोअरलॉगमध्ये (बोअर घेताना लागलेल्या थरांच्या नोंदीत) खाली ‘मुरूम’ लिहिलेला, मी टिचकी मारून मोकळा झालो. साहेबांनी रंगीत आलेख बाजूला सारले आणि एवढंच विचारलं, "पाणी जाणार कुठे?" मग कोअर बॉक्स, म्हणजे बोअरमधून काढलेल्या नमुन्यांची पेटी, उघडायला लावला. मुरूम होता, पण वरचा दीड मीटर पार कुजून पिवळी घट्ट चिकणमाती झालेला. तळ बंद. वाट १० मीटर, वेळ चौपट: ८५ वर्षं. एका टिचकीचा फरक.

म्हणून मग उभे ड्रेन, म्हणजे पीव्हीडी: मातीत उभ्या घुसवलेल्या, पाणी वाहून नेणाऱ्या तयार पट्ट्या. १ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणीत टाकले की पाण्याला आडवं अर्धा मीटरच जावं लागतं आणि हिशेब आठेक महिन्यांवर येतो. ड्रेन आत नेणारी पोकळ नळी, म्हणजे मँड्रेल, घुसताना भोवतालची माती चेंदून जाते, त्याला स्मिअर म्हणतात. तो धरला की महिने वाढतात. तळ बंद असल्याचं दुःख आता फारसं उरत नाही, पण ड्रेनमधून वर आलेलं पाणी भरावाखालच्या वाळूच्या थरातून बाहेर पडायला वाट ठेवलीत ना, ते बघा. पावसाळ्यात ती हमखास गाळानं तुंबते.

सॉफ्टवेअरमधली सॉफ्ट सॉइल, कॅम क्ले वगैरे मातीची मॉडेलं शिकाच. भरावाच्या कडेला माती बाजूला सरकते, ते एकमितीय हिशेबात दिसत नाही. क्रीप, म्हणजे पाणी निघून गेल्यावरही चालू राहणारं हळू खचणं, तेही त्या हिशेबात नाही. पण आकडे भरण्याआधी हातानं हिशेब करून उत्तर वहीत लिहून ठेवा, आणि कोअर बॉक्स स्वतः उघडा.

भराव झाल्यावर सेटलमेंट प्लेटची (भरावाखाली ठेवलेल्या, खचणं मोजायच्या प्लेटची) रीडिंगं सारख्या अंतरानं घ्या. प्रत्येक रीडिंग आधीच्या रीडिंगसमोर आलेखावर मांडलं की बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात. ती रेषा ४५ अंशांच्या रेषेला छेदते तिथे अंतिम सेटलमेंट. ही जपानी अभियंते असाओका यांची १९७८ सालची पद्धत. आमचा छेद १.३ मीटरवर आला. दीड मीटरची नोंद माझ्या वहीत अजून तशीच आहे, शेजारी साहेबांनी पेन्सिलीनं मारलेल्या प्रश्नचिन्हासकट.