नेपाळला सॉस-लोणची पाठवताय? या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या उत्पादकाला नेपाळची बाजारपेठ सोपी वाटते आणि तसे वाटायला कारणेही आहेत. मोमो आणि चाउमिनच्या दुकानांत केचप, चिली सॉस, सोया सॉस आणि व्हिनेगर यांचा रोजचा खप आहे, बरेचसे व्यवहार भारतीय रुपयांत होतात आणि 1993 पासून एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये हा दर बांधलेला असल्यामुळे विनिमयदराची धास्ती राहत नाही. मात्र दर स्थिर असला की धोका संपला, असे धरून चालणे हीच पहिली चूक होय. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही आणि ज्याच्याकडे येणारा जवळजवळ सगळा माल मोजक्या नाक्यांतून व घाटरस्त्यांवरून जातो, तिथे बाटलीबंद मालाचा नफा किमतीपेक्षा वाटेत गेलेल्या दिवसांमुळे बुडतो. बारा महिन्यांची मुदत छापलेली बाटली कारखान्यात, वितरकाच्या गोदामात आणि सीमेवरच्या ट्रकमध्ये मिळून तीन-चार महिने पडून राहिली, तर काठमांडूचा दुकानदार ती सवलतीशिवाय घेत नाही. म्हणून भाव ठरवण्याआधी मुदतीचा हिशेब मांडावा.

एकाच नाक्यावर भिस्त ठेवणे

बिहारच्या सीमेवरचा रक्सौल–बीरगंज हा सर्वांत मोठा नाका असल्यामुळे सगळा माल तिथूनच पाठवण्याचा मोह होतो. सप्टेंबर 2015 मध्ये नेपाळची नवी राज्यघटना लागू झाल्यानंतर पेटलेल्या वादात हाच नाका फेब्रुवारी 2016 पर्यंत जवळजवळ ठप्प होता, आणि 1989 मध्ये तर भारताने दोन वगळता सर्व पारगमन नाके बंद केले होते. असे प्रसंग रोज येत नाहीत हे खरे, तरी गोरखपूरजवळचा सोनौली–भैरहवा किंवा पूर्वेकडचा जोगबनी–विराटनगर हा पर्याय करारपत्रात आधीच लिहिलेला असावा आणि तिथल्या भन्सार एजंटाशी, म्हणजे आपल्याकडच्या कस्टम्स दलालाशी, ओळख झालेली असावी. ट्रक उभा राहिल्यावर नवा एजंट शोधणे महाग पडते.

नाका ओलांडला म्हणजे माल पोहोचला, असेही नाही. तराईतून काठमांडूकडे नेणाऱ्या नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै 2024 मध्ये याच रस्त्यावरच्या दोन बस भूस्खलनात त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, दसैंच्या (नेपाळमधल्या दसऱ्याच्या) तोंडावर, अतिवृष्टीने काठमांडूचे रस्ते तुटले आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आंदोलन, संचारबंदी आणि सत्तापालट झाला. दसैं आणि तिहार (तिथली दिवाळी) हा विक्रीचा खरा हंगाम असल्यामुळे बहुतेक जण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाड्या भरतात, आणि नेमका तोच काळ सर्वांत बेभरवशाचा असतो. सणाचा निम्मा साठा जूनपूर्वी काठमांडूत पोहोचवावा आणि उरलेला तराईतल्या, म्हणजे सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातल्या, शहरांसाठी ठेवावा, असे माझे मत आहे. त्यात भांडवल अडकते आणि मुदतही खर्च होते, परंतु तिहार संपल्यावर पोहोचलेल्या मालापेक्षा हा तोटा लहान असतो.

तिसऱ्या देशातून सोया सॉस किंवा मेयोनीज आणणाऱ्या नेपाळी आयातदाराची गोष्ट आणखी लांबते. त्याचा कंटेनर कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमला उतरतो आणि रेल्वेने बीरगंजच्या कोरड्या बंदरात, म्हणजे कंटेनर उतरवण्याच्या जमिनीवरच्या तळावर, जातो. कोलकात्याहून हे अंतर सुमारे 700 किलोमीटर आहे. रिकामा कंटेनर परत जाईपर्यंतचे भाडे तो अनेकदा हिशेबात धरत नाही. चीनची वाट जवळची दिसते, पण त्या सीमेवरच्या रसुवागढीचा मैत्री पूल जुलै 2025 मध्ये पुरात वाहून गेला.

झाकणाकडे दुर्लक्ष करणे

ही चूक सर्वांत कमी चर्चिली जाते. काठमांडू सुमारे 1,400 मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो. कोकणात किंवा मुंबईच्या आसपास गरम भरून बंद केलेल्या बरणीतली निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) मुळातच कमी असेल, तर बाहेरचा दाब घटताच झाकणाच्या मधला फुगवटा टक् करून वर येतो आणि दुकानदार ती बरणी खराब समजून परत करतो. तेलाच्या लोणच्यात वरची कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि आडव्या पडलेल्या बाटलीतून तेल झिरपून आख्ख्या खोक्याची लेबले डागाळतात.

फुगवटा वर आलेला दिसल्यास आधी कारण ओळखावे. सील शाबूत असेल तर बरणी तराईत खाली आणल्यावर तो पुन्हा आत दबू शकतो. माल आंबला असेल तर दाब आतून वाढत राहतो आणि उघडताच फसफस होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे खुलासा होईपर्यंत त्या घाण्यातला (बॅचमधला) माल विकू नये. कारखान्यातच प्रत्येक घाण्यातल्या काही बरण्यांची पोकळी गेजने मोजून नोंद ठेवली, खोकी उभी ठेवण्याची खूण मोठी छापली आणि झाकणाचा टॉर्क, म्हणजे ते किती जोराने आवळले आहे, हे तपासले, तर ही तक्रार बरीच कमी होते.

काचेचाही विचार हवा. केचपमध्ये जवळपास दोनतृतीयांश पाणी असते, म्हणजे घाटातून आपण मुख्यतः पाणी आणि काच वाहून नेत असतो. खप बऱ्यापैकी असेल तर हॉटेलांसाठी पाऊच किंवा मोठे कॅन पाठवणे परवडते.

कागदपत्रे आणि नियम गृहीत धरणे

केचप, सोया सॉस आणि चिली सॉस कस्टम्सच्या वर्गीकरणात 2103 या शीर्षकाखाली येतात, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्या 2001 खाली आणि व्हिनेगर 2209 खाली. एकाच बिलात सगळ्याला ‘सॉस’ लिहिले की गाडी अडकते. भारतीय मालाला करारानुसार शुल्कात सवलत असली तरी माफी गृहीत धरू नये, आणि वर 13 टक्के मूल्यवर्धित कर असतोच. अर्थसंकल्प राज्यघटनेनुसार नेपाळी पंचांगातल्या जेठ 15 रोजी, म्हणजे मेअखेरीस, मांडला जातो. त्या दिवशी वाटेत असलेल्या गाडीचे वाढीव शुल्क कोण भरणार, हे आधी लिहून घ्यावे.

गुणवत्तेचे काम तिथला खाद्य प्रविधि तथा गुण नियन्त्रण विभाग पाहतो. हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या अंशावरून आक्षेप घेतल्यावर मे 2024 मध्ये नेपाळनेही एव्हरेस्ट आणि एमडीएच या भारतीय मसाला ब्रँडच्या आयात-विक्रीवर बंदी घातली. दुसऱ्या देशातल्या चाचणीची झळ इतक्या लवकर पोहोचते, म्हणून मिरची आणि मोहरीच्या पुरवठादाराकडून घाण्यागणिक तपासणी अहवाल घेऊन ठेवावा.

पैशाच्या बाजूने पाहिल्यास, परकीय चलनाची गंगाजळी घटू लागल्यावर नेपाळ राष्ट्र बँकेने डिसेंबर 2021 मध्ये अनेक वस्तूंच्या पतपत्रांसाठी (लेटर ऑफ क्रेडिट) मोठी रोख ठेव सक्तीची केली, आणि एप्रिल 2022 मध्ये चिप्ससह काही मालाची आयात थेट बंद झाली. ही बंदी त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत टिकली. अशा वेळी वितरकाची नियत चांगली असूनही रक्कम अडकते, त्यामुळे नव्या वितरकाला साठ-नव्वद दिवसांची उधारी देऊ नये.

शेवटी, खुल्या सीमेवरून पिशवीत येणाऱ्या बाटल्यांचा प्रश्न. शंभर नेपाळी रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूवर शुल्क घेण्याचा नियम असला, तरी सतराशे किलोमीटरहून लांब सीमेवर तो सर्वत्र पाळला जाणे अवघड आहे. रक्सौलच्या बाजारात तुमचीच बाटली स्वस्त मिळत असेल, तर बीरगंजचा अधिकृत वितरक तोट्यात जातो. तेव्हा उत्तर बिहारमधल्या घाऊक सवलती आणि नेपाळचा दर एकाच टेबलावर, एकाच माणसाने ठरवावेत आणि नेपाळच्या बाटलीचे लेबल व घाणा क्रमांक वेगळे ठेवावेत, म्हणजे माल कुठून फिरला हे कळते.