रानटी लेट्यूसच्या खोडातल्या दूधनळ्या कशा पाहाव्यात

रानटी लेट्यूस (लॅक्टुका सेरिओला) मूळची युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली. अमेरिकेतही रस्त्याकडेला, रेल्वेरुळांजवळ सर्रास उगवते. सॅलडमधल्या लेट्यूसची ही पूर्वज. दोघींत 18 गुणसूत्रं.

ओळखताना पान उलटं करा. मधल्या शिरेवर खालून काट्यांची एक ओळ असते आणि पानाचा तळ खोडाला कवटाळतो. सोंकस वंशातल्या, दिसायला सारख्या काटेरी झाडांच्या पानांना कडेला काटे असतात, शिरेखाली ही ओळ नसते. उन्हातल्या झाडाची पानं तळाशी पिळ घेऊन उभी राहतात, कडा उत्तर-दक्षिण. सावलीतलं झाड हे करत नाही, म्हणून नमुना उघड्या जागेचाच घ्या.

खोड ताजं कापलं की दूध, म्हणजे पांढरा चीक, भळाभळा वाहतं, नळ्या रिकाम्या होतात आणि काप पांढऱ्या चिकट्यात बुडतो. बहुतेकांचा काप इथेच वाया जातो. उपाय सोपा आहे: दूध आधी नळीतच गोठवायचं. सकाळी झाडात पाण्याचा दाब जास्त असतो आणि दूध जोरात वाहतं, म्हणून तुकडा दुपारी काढा. 5-6 सेंटीमीटरचा तुकडा कापताक्षणी 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका आणि 24 तास ठेवा. टोकांकडचं दूध गेलेलं असतं. काप मधल्या भागातूनच घ्या. हातमोजे घाला, दूध डोळ्याला लागू देऊ नका.

नव्या ब्लेडने पातळ आडवे काप घेऊन पाण्यात सोडा. सगळ्यात पातळ काप 1 टक्का सॅफ्रॅनिनमध्ये (लाल रंगात) 2 मिनिटं ठेवा, धुवा, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात मांडून वर पातळ झाकणकाच टाका. सगळंच लाल दिसलं तर रंग जास्त चढलाय. अल्कोहोलने थोडा उतरवा.

सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट मोठं करून पाहा. बाहेर अपित्वचा, आत मध्यत्वचा, मग वाहक पूलांचं (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्यांचं) कडं आणि मधोमध मोठं भेंड, म्हणजे मऊ गाभा, जे जून खोडात पोकळ होतं. जलवाहिन्या लाल दिसतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला, अन्न वाहणाऱ्या रसवाहिन्यांजवळ, दाणेदार मालाने भरलेले ठिपके शोधा. त्याच दूधनळ्या. पण आडव्या कापात त्यांचं खरं रूप कळत नाही. मध्यत्वचेच्या आतल्या अंगाला, खोडाच्या पृष्ठभागाला समांतर उभा काप घ्या: पेशींच्या ओळी, मधल्या भिंती विरघळलेल्या, आणि नळ्या शेजारच्या नळ्यांना आडव्या फांद्यांनी जोडलेल्या. एकच जखम झाली तरी दूध एवढं का येतं, ते या जाळ्यात दिसतं.

पानाचा कापही घ्या. पान उभं असल्याने सकाळ-संध्याकाळचं ऊन दोन्ही बाजूंना मिळतं, म्हणून उभ्या, दाट पेशींचा थर आणि पर्णरंध्रं दोन्हीकडे असतात. दोन्ही बाजूंची साल सोलून तुलना करा.

ही झाडं हाताशी नसतील तर पाथरी घ्या. ती याच गटातली आहे, तिचं दूधही अशाच नळ्यांतून येतं.