घड्याळ लावून स्क्रॅबल खेळताय? या चुका टाळा

गणेशोत्सवात कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये स्क्रॅबलची, म्हणजे बोर्डवर इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाची, स्पर्धा ठेवायची म्हटलं की पहिली अडचण वेळेची. रीतसर स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला 25 मिनिटं मिळतात, म्हणजे एक डाव पाऊण ते एक तासाचा. संध्याकाळच्या आरतीआधी हॉल रिकामा करायचा असेल तर हे जमणारं नाही. म्हणून झटपट स्क्रॅबल: बोर्ड तोच 15 बाय 15 चा, टाइल्स म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या त्याच 100, पण प्रत्येकी 5 ते 8 मिनिटं. एका डावात एकेकाच्या साधारण बारा खेळ्या होतात. 5 मिनिटांच्या डावात एका खेळीला 25 सेकंद आले. एवढ्या घाईत चांगला शब्दसाठा असलेले लोकही हरतात, कारण हातांचा क्रम चुकतो.

क्रम असा: टाइल्स लावा, गुण मोठ्याने सांगा, घड्याळ दाबा (म्हणजे समोरच्याची वेळ सुरू होते), गुण लिहा आणि मगच नवीन टाइल्ससाठी पिशवीत हात घाला. नवखे खेळाडू लावून झालं की थेट पिशवीकडे वळतात, घड्याळ आपल्याच बाजूला चालू राहतं आणि शेजारून कुणीतरी ओरडतं, "काका, घड्याळ!" तोवर सात-आठ सेकंद गेलेले असतात. याच्या उलट चूक जास्त गंभीर आहे. काही जण घड्याळ दाबता दाबताच टाइल्स उचलतात. समोरच्याला शब्दावर शंका असेल तर 'होल्ड' (थांबा) म्हणायला उसंतच मिळत नाही. नवीन टाइल्स रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, गेल्यावर चॅलेंजचा (शब्दाला हरकत घेण्याचा) सगळा घोळ होतो. गुण लिहिल्याशिवाय पिशवीला हात नाही, हा नियम पंचांनी पहिल्या डावापासून कडकपणे पाळून घ्यावा.

पिशवी डोळ्यांच्या वर धरा आणि नजर दुसरीकडे ठेवा. रॅकवर सातच टाइल्स असायच्या, घाईत आठवी हातात आली तर लपवू नका, लगेच सांगा. जास्तीची टाइल परत जाते आणि कुठली जायची हे तुम्ही ठरवत नाही. टाइल्स बदलायच्या असतील तर पिशवीत किमान 7 शिल्लक हव्यात. जुन्या टाइल्स पालथ्या बाजूला ठेवायच्या, किती बदलताय ते सांगायचं, घड्याळ दाबायचं, आधी नवीन काढायच्या आणि शेवटी जुन्या आत टाकायच्या. घाईत बरेच जण जुन्या आधी टाकतात आणि त्यातलीच एखादी पुन्हा हाताला लागते.

ब्लँकवरून, म्हणजे कुठल्याही अक्षरासाठी चालणाऱ्या कोऱ्या टाइलवरून, होणारे वाद तर हमखास टाळता येतात. समजा बोर्डवर 'केअर' आहे आणि तुम्ही त्याच्या शेवटी ब्लँक लावलात. तो एस आहे, डी आहे की आर? तिन्ही शब्द बरोबर आहेत. चार खेळ्यांनंतर समोरचा त्याच ब्लँकवरून खाली शब्द काढतो आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळं अक्षर असतं. अक्षर तोंडाने सांगा, चिठ्ठीवर लिहा, मग घड्याळ दाबा. यात तीन सेकंद जातात, जाऊ द्या.

गुणांची बेरीज चुकते ती बहुतेक वेळा बिंगोच्या वेळी, म्हणजे सातही टाइल्स एकाच खेळीत लावून 50 जादा गुण मिळतात तेव्हा. पहिल्याच खेळीत कुणी 'रिटेन्स' (RETAINS) लावला, सातही अक्षरं एकेका गुणाची, वाटेत अक्षराचा बोनस चौकोन नाही. शब्दाचे गुण दुप्पट करणाऱ्या मधल्या चौकोनामुळे 7 चे 14 आणि वर 50, असे 64 होतात. घाईत 57 ची दुप्पट करून 114 लिहिले जातात आणि समोरचा स्वतःच्या रॅककडे बघत असल्याने ते तसेच राहतात. सात टाइल्सचे 50 नेहमी शेवटी मिळवायचे, त्यांना दुप्पट-तिप्पट लागू होत नाही. उलटं नुकसानही होतं: तिप्पट अक्षराच्या चौकोनावर एक्स असा लावला की आडवा 'ॲक्स' (AX) आणि उभा 'ऑक्स' (OX) होतो, तर दोन्हीकडे 25, म्हणजे 50 गुण. एकच शब्द मोजून उठणारे मी फार पाहिले आहेत.

आता आयोजकांसाठी. चॅलेंज चुकलं तर काय, हे डाव सुरू होण्याआधी सांगा. कुठे खेळी जाते, कुठे 5 किंवा 10 गुण समोरच्याला मिळतात, कुठे काहीच दंड नसतो. झटपट डावात दंड नसेल तर लोक प्रत्येक शब्दाला चॅलेंज करतात, म्हणून माझं मत 5 गुणांच्या बाजूने आहे. चॅलेंज होताच घड्याळ थांबवायचं, आणि शब्द कुठल्या यादीत बघायचा हेही आधीच ठरलेलं हवं.

वेळ ओलांडल्याचा दंड जरा विचार करून ठेवा. मोठ्या डावात जादा मिनिटाला 10 गुण कापतात. 25 मिनिटांच्या खेळात ते ठीक आहे. 5 मिनिटांच्या डावात मात्र एक जादा मिनिट म्हणजे मूळ वेळेचा पाचवा हिस्सा, आणि तेवढ्यात बिंगो सापडला तर 10 गुण देऊनही फायदाच. माझ्या मते दर 10 सेकंदांना 10 गुण ठेवावेत. फोनवरचं बुद्धिबळाचं घड्याळ वापरणार असाल तर ते शून्यानंतर उणे मोजतं का ते आधी तपासा. बरीचशी ॲप्स शून्यावर थांबतात, मग दंड कशाच्या आधारे लावणार? फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, ऐन रंगात कुणाचा तरी फोन येतोच.

शेवटच्या टप्प्यात सगळ्या टाइल्स मोजत बसायला वेळ नसतो. चार एस, दोन ब्लँक, आणि क्यू, झेड, जे, एक्स एवढ्यांवर खूण करत जा. क्यू हातात असेल तर यू ची वाट बघू नका, क्यू आणि आयचा दोन अक्षरी शब्द लावून मोकळे व्हा. स्पर्धेत जो आधी रॅक रिकामा करतो त्याला समोरच्याच्या उरलेल्या टाइल्सच्या दुप्पट गुण मिळतात. एकटा क्यू अडकला तरी ते 20 होतात.