जुन्या फिशिंग ल्युअरची किंमत कशी काढायची

सगळ्यात आधी एक सांगतो, ल्युअर (माशाला भुलवायचं खोटं आमिष) धुऊ नका. जुना टॅकल बॉक्स (मासेमारीच्या सामानाचा डबा) हातात आला की पहिली खाज सुटते ती साफसफाईची, मलापण सुटली होती, एक लाकडी ल्युअर कोमट साबणाच्या पाण्यात टाकून टूथब्रशने घासला आणि पोटाकडचा रंग पापुद्र्यासारखा हातात आला. संपलं. कारण पैसा लाकडाला नाही, मूळ रंगाला मिळतो. मऊ कोरड्या कपड्याने धूळ झटका आणि थांबा.

आता भिंग घ्या आणि डोळे बघा. काचेचा डोळा असेल तर आत खोली दिसते, बाहुली जरा आत बसल्यासारखी वाटते, रंगवलेला डोळा सपाट असतो. काचेचे डोळे म्हणजे बहुतेक वेळा जुना लाकडी माल, आणि ते बघून खरेदीदार सावध होतो (चांगल्या अर्थाने). मग उलटा करून गळ कसे बसवलेत ते बघा. नुसता स्क्रू आहे, की स्क्रूभोवती धातूची छोटी वाटी आहे, की पट्टी ठोकलीये? कंपन्यांनी हे हार्डवेअर वेळोवेळी बदललं, त्यामुळे साल ठरवायला याच्याइतका भरवशाचा पुरावा नाही. पुढे धातूची जीभ असेल तर तिच्यावरची अक्षरं वाचा, क्रीक चब या अमेरिकन कंपनीच्या ल्युअरच्या जिभेवर कंपनीचं नाव, तिचं गाव गॅरेट आणि पेटंटची तारीख ठोकलेली सापडते. पण पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे हां, इथे भलेभले फसतात.

अमेरिकन मालात हेडन, क्रीक चब, फ्लूगर, शेक्सपिअर, साउथ बेंड ही पाच कंपन्यांची नावं कलेक्टर लोक आधी शोधतात. नाव सापडलं म्हणून उड्या मारू नका, क्रीक चबचा पायकी मिनो इतका खपला की साधे रंग आजही ढिगाने मिळतात. तोच ल्युअर दुर्मिळ रंगात असला तर गोष्ट वेगळी. म्हणजे मॉडेल एक, रंग वेगळा, आणि किंमत कुठल्या कुठे.

कंडिशन बघताना स्वतःशी खोटं बोलायचं नाही. अमेरिकेतल्या नॅशनल फिशिंग ल्युअर कलेक्टर्स क्लबची १ ते १० ची मोजणी वापरतात, १० म्हणजे नवा कोरा. लटकणारा गळ हलून हलून अंगावर चंद्रकोरीसारखा ओरखडा पडतो, तो मोजा, केसासारख्या भेगा मोजा, उडालेले टवके मोजा. रंग फारच तुकतुकीत असेल, वाटीच्या आत किंवा स्क्रूच्या डोक्यावरपण रंग गेला असेल तर कोणीतरी नंतर रंगवलाय असं समजा, मग भाव धाडकन पडतो.

भाव बघायला ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर जा, पण विकायला लावलेल्या किमती सोडून द्या, लोक वाट्टेल ते मागतात. फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ लावा, तेच मॉडेल, तोच रंग, तशीच कंडिशन असे पाच-सहा व्यवहार काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा टाका, उरलेल्यांच्या आसपास तुमची किंमत. २००३ मध्ये हॅस्केल मिनो नावाचा तांब्याचा एक मोठा ल्युअर लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला, त्याचं पेटंट १८५९ चं, हे ऐकून सगळे आपापले डबे उघडतात पण त्यातून आपल्या ल्युअरचा भाव कळत नाही.

आणि खोका! पुठ्ठ्याचा मूळ खोका कधीकधी आतल्या ल्युअरपेक्षा महाग जातो, रिकामा असला तरी. खोक्याच्या टोकाला छापलेला नंबर ल्युअरच्या मॉडेलशी आणि रंगाशी जुळतो का ते बघा, नाही जुळला तर दोन्ही वेगवेगळे विका. फोटो काढताना डोळा, पोट, गळाची बैठक आणि तो नंबर, हे चार जवळून घ्या, बाकी खरेदीदार स्वतःच विचारतो.