कोऱ्या पानावर ब्राउझरनं आधीच लिहून ठेवलेलं सीएसएस

नोटपॅडमध्ये एक फाइल बनवा. वर डॉकटाइप (ही एचटीएमएल फाइल आहे हे सांगणारी ओळ), मग एक एच१ (मुख्य शीर्षक) आणि त्याखाली एक पी (परिच्छेद), एवढंच. सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांची, एकही ओळ लिहू नका. फाइल क्रोममध्ये उघडली की शीर्षक मोठं आणि ठळक दिसेल, परिच्छेद त्यापासून अंतर राखून उभा असेल आणि सगळा मजकूर डाव्या कडेपासून थोडा आत सरकलेला असेल. हे काहीच तुम्ही सांगितलेलं नाही. प्रत्येक ब्राउझर स्वतःची एक स्टाइलशीट सोबत घेऊन येतो, तिला युजर एजंट स्टाइलशीट म्हणतात. तुमचं पहिलं अक्षर उमटायच्या आधी ती लागू झालेली असते. फ्रंटएंडच्या, म्हणजे वेबपानांचा दिसणारा भाग बनवण्याच्या, कामात नव्यानं येणाऱ्यांचे पहिल्या वर्षातले बरेचसे तास या न दिसणाऱ्या स्टाइलशीटशी झगडण्यात जातात. म्हणून ती आधी नीट बघून घ्या.

त्याच फाइलवर मोजमाप करू. मूळ अक्षर १६ पिक्सेलचं. एच१ ला २ एम मिळतं (एम हे अक्षराच्या आकारावरून ठरणारं माप), म्हणजे ३२ पिक्सेल. त्याचं वरखालचं मार्जिन, म्हणजे बाहेरची मोकळी जागा, ०.६७ एम असतं. पण मार्जिनचा एम मोजायचा तो त्या घटकाच्या स्वतःच्या अक्षरावरून, म्हणून ०.६७ गुणिले ३२, म्हणजे २१.४४ पिक्सेल. पी चं मार्जिन १ एम, म्हणजे १६. मग दोघांमध्ये ३७.४४ पिक्सेल अंतर पडायला हवं ना? पडतं २१.४४ च. एकाखाली एक आलेली उभी मार्जिनं एकमेकांत मिसळतात आणि त्यातलं मोठं तेवढं उरतं. वरच्या कडेलाही तेच होतं. बॉडीचं, म्हणजे सगळा मजकूर ज्यात असतो त्या घटकाचं, ८ पिक्सेलचं मार्जिन एच१ च्या मार्जिनमध्ये विरून जातं. डाव्या कडेला मात्र ते ८ तसेच राहतात, कारण आडवी मार्जिनं मिसळत नाहीत. ‘मी बॉडीचं मार्जिन शून्य केलं तरी वर पट्टी का दिसते?’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ती पट्टी शीर्षकाची असते.

बाकीच्या शीर्षकांचे आकार १.५, १.१७, १, ०.८३ आणि ०.६७ एम. एच४ साध्या मजकुराएवढंच असतं, आणि एच५, एच६ त्याहून बारीक. त्यामुळे ‘छोटं शीर्षक हवं’ म्हणून एच५ वापरू नका. पातळी मजकुराच्या रचनेवरून ठरवा आणि आकार सीएसएसमध्ये द्या. आणखी एक जुनी खोड माहीत असू द्या. सेक्शन किंवा आर्टिकलच्या आत ठेवलेलं एच१ ब्राउझर आपोआप लहान करत असत. हा नियम एचटीएमएलच्या मानकातून काढून टाकला आहे आणि २०२५ पासून ब्राउझरही तो सोडू लागले आहेत. एच१ चा आकार तुम्ही स्वतः लिहिलेला असेल तर जुन्या-नव्या ब्राउझरांत फरक पडणार नाही.

ही स्टाइलशीट बघायची कुठे? एफ१२ दाबा, एलिमेंट्समध्ये घटक निवडा आणि स्टाइल्सच्या यादीत खाली जा. ज्या नियमाशेजारी फाइलच्या नावाऐवजी ‘युजर एजंट स्टाइलशीट’ लिहिलेलं असतं, तो ब्राउझरचा. फायरफॉक्समध्ये कंप्यूटेड टॅबमध्ये ‘ब्राउझर स्टाइल्स’वर खूण करावी लागते. इनपुटसारख्या घटकांच्या पोटात आणखी लपलेले घटक असतात. ते बघायचे तर क्रोमच्या डेव्हटूल्सच्या सेटिंगमध्ये युजर एजंट शॅडो डॉम दाखवण्याचा पर्याय चालू करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एखाद्या घटकावर थेट लिहिलेला नियम ब्राउझरच्या साध्या नियमाला नेहमी हरवतो, मग तुमचा सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू ते सांगणारा भाग) कितीही साधा असो. वारशानं आलेलं मूल्य मात्र ब्राउझरच्या थेट नियमापुढे हरतं. बॉडीला काळसर रंग दिला तरी लिंका निळ्याच राहतात ते यामुळे. ब्राउझरनं लिंकवर थेट रंग लिहिलेला आहे, तुमचा रंग बॉडीकडून वारशानं येतोय. नवखे इथे नियमाला जबरदस्तीनं वरचढ करणारं ‘इम्पॉर्टंट’ लावत सुटतात. त्याची गरज नसते, लिंकवर स्वतःचा नियम लिहिला की काम झालं.

बटण, इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया यांच्या बाबतीत हेच जास्त त्रासदायक ठरतं. पानभर सुंदर फॉन्ट लावलेला असतो आणि बटणावरचा मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये, बारीक दिसतो. विंडोजवरच्या क्रोममध्ये तो १३.३३ पिक्सेलचा एरियल असतो. इंग्रजीत हे एक वेळ चालून जातं, पण ‘पूर्ण पत्ता’ किंवा ‘दुरुस्ती’सारखे शब्द एवढ्या आकारात वाचताना डोळ्यांना ताण पडतो. उपाय एका ओळीचा आहे. या चारही घटकांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ द्या. आयफोनच्या सफारीमध्ये इनपुटचं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं, तर त्यात बोट ठेवताच पान झूम होतं. तेही यानं थांबतं, मूळ अक्षर १६ किंवा जास्त असेल तर. दुसरी अडचण रुंदीची. साध्या टेक्स्ट इनपुटला १०० टक्के रुंदी दिली की ते चौकटीबाहेर ८ पिक्सेल डोकावतं. दोन्ही बाजूंचं २-२ पिक्सेल पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) आणि २-२ पिक्सेल बॉर्डर त्या रुंदीवर वरून मिळवली जाते. बटणाला हा त्रास नाही, कारण त्याचं बॉक्स-साइझिंग ब्राउझरनं आधीच बॉर्डर-बॉक्स ठेवलेलं असतं, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरली जाते. म्हणूनच एकाखाली एक ठेवलेलं इनपुट आणि बटण सारख्या रुंदीचे येत नाहीत. सगळ्यांनाच बॉर्डर-बॉक्स द्या.

फोकस केल्यावर येणारी कड दिसायला आवडत नाही म्हणून ‘आउटलाइन: नन’ लिहून ती घालवतात. तसं करू नका. कीबोर्डवर काम करणाऱ्या माणसाला आपण पानावर कुठे आहोत हे त्या कडेवरूनच कळतं. हवी तर तिचा रंग आणि जाडी बदला.

घटक लपवणारं हिडन हे ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) जादूचं वाटतं, पण त्यामागे ब्राउझरचा ‘डिस्प्ले: नन’ एवढा एकच नियम असतो. त्याच डब्याला तुम्ही क्लासमधून ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलं की लपवलेला डबा समोर येतो, आणि जावास्क्रिप्ट बरोबर असूनही दोष तिच्यावर जातो. डायलॉगचंही, म्हणजे पानावर उघडणाऱ्या चौकटीचंही, तसंच. त्याला थेट फ्लेक्स दिलं तर तो न उघडताच दिसत राहतो. फ्लेक्स लिहायचं ते ओपन ॲट्रिब्यूट असलेल्या डायलॉगसाठीच लिहा.

यादीला डावीकडून ४० पिक्सेल पॅडिंग असतं आणि ठिपके किंवा आकडे त्या जागेत लटकतात. पॅडिंग शून्य केलं की ते बाहेर जाऊन कापले जातात. चित्राखाली काही पिक्सेलची फट दिसते, कारण चित्र अक्षरासारखं ओळीवर बसतं आणि खाली उकारासाठी जागा सुटते. ‘डिस्प्ले: ब्लॉक’ दिलं की फट जाते. टेबलच्या खणांमध्ये २ पिक्सेल अंतर आणि खणात १ पिक्सेल पॅडिंग असतं. आयफ्रेम आणि कॅनव्हास आकार न दिल्यास ३०० बाय १५० चे होतात. कोड आणि प्री यांचं अक्षर १३ पिक्सेलचं असतं, त्यामुळे परिच्छेदात मध्येच आलेला कोड बारीक दिसतो.

मराठी पानं बनवणाऱ्यांनी यापुढे जरा थांबून वाचावं, कारण ब्राउझरचे हे सगळे मूळ नियम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहेत. ईएम (जोर दाखवणारा), आय, साइट आणि ॲड्रेस या घटकांना ब्राउझर इटॅलिक, म्हणजे तिरपं अक्षर, देतो. देवनागरी फॉन्टमध्ये सहसा इटॅलिक नसतं, मग ब्राउझर सरळ अक्षरच कृत्रिमरीत्या कलतं करतो. काना तिरपा होतो, जोडाक्षरं एकमेकांवर रेलतात. मराठी मजकुरासाठी ईएमचा फॉन्ट-स्टाइल नॉर्मल करा आणि वजन ६०० द्या. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते. लिंकखालची रेघ ब्राउझर उकारापाशी तोडतो, त्यामुळे ‘सुट्टी’, ‘गुरू’सारख्या शब्दांखाली तिचे तुकडे दिसतात. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ एमच्या आसपास ठेवून रेघ खाली सरकवली की बरं दिसतं. इंग्रजी डिझाइनमधून उचललेला १.२ चा लाइन-हाइट तर टाळाच. ‘र्की’मधला रफार आणि वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला भिडतात. आमच्या मते परिच्छेदाला १.६ ते १.७ आणि शीर्षकाला १.४ च्या खाली जाऊ नये. क्रमांकित यादीत १, २, ३ देवनागरीत हवे असतील तर लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ हे मूल्य मिळतं, आकडे हातानं लिहायची गरज नाही.

एचटीएमएल टॅगवर लँग एमआर (भाषा मराठी) लिहायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असते तिथे ल आणि श ची मराठी रूपं त्यावरूनच येतात. लँग एचआय राहिलं तर हिंदी वळण दिसतं, आणि स्क्रीन रीडरही मराठी मजकूर हिंदी उच्चारात वाचू शकतो. अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारी कॅरसेट यूटीएफ-८ ची ओळ हेडमध्ये अगदी वर, फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत हवी. ती नसली आणि ब्राउझरचा अंदाज चुकला, तर एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन अगम्य चिन्हं येतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं असतं. तीन-तीनची ही पुनरावृत्ती दिसली की फॉन्ट बदलत बसू नका, कॅरसेट तपासा.

या सगळ्यावर उपाय म्हणून रीसेट फाइल वापरतात. एरिक मेयर यांची २००७ ची रीसेट बहुतेक मूळ नियम पुसून टाकते. नॉर्मलाइझ ही दुसरी फाइल उपयोगी नियम राखून ब्राउझरांमधले फरक तेवढे मिटवते. शिकताना सुरुवातीलाच रीसेट लावू नये असं आम्हांला ठामपणे वाटतं. काय पुसलं जातंय हेच मग कधी दिसत नाही. आणि पुसलेलं परत हवं झालं तर ‘इनिशियल’ लिहू नका. डिस्प्लेचं इनिशियल मूल्य इनलाइन, म्हणजे ओळीतच बसणारं, आहे, त्यामुळे डिव्हला ‘डिस्प्ले: इनिशियल’ दिलं तर डिव्हही इनलाइन होतो. ब्राउझरच्या मूळ नियमावर परतायचं तर ‘रिव्हर्ट’ लिहा.

सरावासाठी एका फाइलमध्ये सहाही शीर्षकं, दोन्ही प्रकारच्या याद्या, टेबल, फील्डसेट, डिटेल्स, तारखेचं इनपुट आणि सिलेक्ट घाला. मजकूर सगळा मराठी ठेवा. मग ती फाइल क्रोम, फायरफॉक्स आणि जमल्यास एखाद्या आयफोनवर शेजारी शेजारी उघडा. तारखेचं इनपुट आणि सिलेक्ट तिन्हीकडे वेगळे दिसतील, कारण त्यांचा बराच भाग ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या पद्धतीनं रंगवतात. फील्डसेटमध्ये एक रुंद टेबल टाकून खिडकी अरुंद करून बघा. फील्डसेट आतल्या मजकुरापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो आणि पान आडवं सरकायला लागतं. त्याची मिन-विड्थ शून्य केली की तो आवरतो.